बस स्टेशनवरची मुतारी

२०२३ साली मी एक्क्याऐंशी वर्षांचा होतो. बायको केअर होममध्ये होती आणि तिला दुपारचे दोन घास भरवायला मी रोज दोन बसनं जायचो. तिचं डोकं चालेनासं झालं होतं. आधी इंग्रजी गेलं, मग माणसं गेली. मला ती ओळखायची असं नाही, पण मी "आ कर" म्हटलं की तोंड उघडायची. तिथल्या पोरी तेच दोन शब्द शिकल्या, बिचाऱ्यांनी खूप करून पाहिलं. त्यांच्यापुढे ओठ घट्ट.

पहिली बस मला बस स्टेशनवर सोडायची. दुसरी यायला कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. मला प्रोस्टेटचं दुखणं. स्टेशनला लागून कौन्सिलची, म्हणजे इथल्या विलायतेतल्या नगरपालिकेची, विटांची जुनी मुतारी होती, तिच्या जोरावर माझं जाणं-येणं चालायचं. एक दिवस तिच्या दारावर नोटीस लागली. इंग्रजी वाचताना मला घाम फुटतो, म्हणून फोटो काढून शेजारच्या नागपूरच्या पोरीला दाखवला. ती इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"काका, पैसे नाहीत म्हणून बंद करतायत. गुरुवारी मीटिंग आहे. जाऊया, पण तिथं काकूंचं सांगा हं. लोक ऐकतात."

"बायकोचं गाऱ्हाणं चारचौघांत सांगू? भीक मागायला चाललोय का? पन्नास वर्षं टॅक्स भरलाय कौन्सिलला."

"मग कॅफेत जात जा ना. कॉफी घ्यायची, त्यांचं टॉयलेट वापरायचं. सगळे तेच करतात."

"मुतायला कॉफी घेऊ? आणि ती कॉफी मुतायला पुढच्या स्टॉपवर दुसरी?"

पोरगी हसून हसून जिन्यातच बसली.

मीटिंगला हॉल अर्धा रिकामा. रस्त्यावरचे दिवे, लायब्ररी, सगळ्यावरून भांडणं झाली. माझी पाळी आली तसा उठलो. माझं इंग्रजी फाउंड्रीत शिकलेलं, मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायचं. हळू बोलताच येत नाही. म्हटलं, "चौकात फुलांच्या टोपल्या टांगता. माणसाला आडोसा द्यायला मात्र पैसे नाहीत. टॅक्स घेता तो कशाचा?"

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"टोपल्या दुकानदार देतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. बाई चांगली होती, आवाज चढवला नाही. "आमच्याकडचा बहुतेक पैसा म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला जातो. केअर होममधल्या खाटा, घरोघरी जाऊन अंघोळ घालणाऱ्या बायका. ते आम्हाला थांबवता येत नाही, आणि थांबवावं असं मला वाटतही नाही. उरतं त्यात दिवे, लायब्ररी, मुतारी. तुम्हीच सांगा, कुणाची खाट काढू?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. माझ्या बायकोच्या खाटेचे पैसे हीच कौन्सिल भरत होती. शेजारच्या पोरीशिवाय तिथं कुणाला ते माहीत नव्हतं. तिनं माझी बाही ओढली. "काका, आता तरी सांगा."

मी खाली बसलो. काय सांगणार होतो? मला खाटही पाहिजे आणि मुतारीही पाहिजे? पाहिजेच होत्या दोन्ही, आजही मी तेच म्हणेन.

महिन्याभरात मुतारीच्या दाराला फळ्या ठोकल्या. मी सकाळपासून पाणी प्यायचं सोडलं, चहाही सोडला. डोकं गरगरायचं, पण निभत होतं. पोरगी टॅक्सी करून देते म्हणाली, तिला मी दारातूनच परत लावली.

जानेवारीत एक दिवस दुसरी बस आलीच नाही. थंडीनं कळ आली. समोर कॅफे होता. आत जाऊन विचारलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. मी विचारलं नाही. बाकावर बसल्याबसल्या पँट भिजली, बुटात उतरलं. शेजारच्या गोऱ्या बाईनं खाली ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तसल्या कपड्यांत बसमध्ये चढायची माझी तयारी नव्हती. घरापर्यंत चालत आलो.

संध्याकाळी केअर होममधून फोन. "आज तुम्ही आला नाहीत. तिनं दिवसभर काही खाल्लं नाही. पाण्यालाही तोंड उघडेना. उद्या याल ना?"

"येतो," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केमिस्टचं दुकान उघडायच्या आत मी दारात उभा. मोठ्या माणसांचे डायपर मागितले. काउंटरवरच्या मुलीनं हळूच विचारलं, "मिसेससाठी का?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. माझ्या आवाजात म्हटलं, म्हणजे मागच्या रांगेलाही कळलं असणार. घरी आलो, एक घातला, वर पँट चढवली आणि नेहमीची बस पकडली.