फ्रिजवरची दोन झाडं

एक्स-रेवर नाण्याएवढ्या दोन पांढऱ्या चकत्या दिसत होत्या. अगदी समोरासमोर. मध्ये बारीकशी फट. त्या फटीत बंड्याचं आतडं होतं.

बंड्या हा वणीतल्या कुंदाताईंचा कुत्रा. कुंदाताई सरकारी ऑफिसातून रिटायर झालेल्या. मिस्टर गेल्यापासून घरात हे दोघंच.

सोमवारी त्यांचा फोन आला होता.

"डॉक्टरसाहेब, बंड्यानं एअर प्लांट खाल्लं जी! पोरीनं पुण्याहून दोन पाठवले होते. जहरी असते काय?"

एअर प्लांट म्हणजे मातीशिवाय, हवेतल्या ओलाव्यावर जगणारं झाड. मला माहीत होतं, त्यामुळे जरा ऐटीतच सांगितलं, "अजिबात नाही. कुत्र्यांना सेफ असतं. फार तर एखादी उलटी होईल."

"पक्कं नं?"

"शंभर टक्के."

फोन ठेवून मी समोरच्या बकरीकडे वळलो. झाड कशावर बसवलं आहे, हे विचारलंच नाही.

दोन्ही झाडं एकेका मॅग्नेटवर चिकटवलेलीच आली होती, आणि ती फ्रिजच्या दाराला लावलेली होती. गिळलेलं एक मॅग्नेट बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडतं. पण दोन वेगवेगळ्या वेळी गिळली, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मधली भिंत चिमटते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि भोकं पडतात.

मंगळवारी बंड्यानं दुसरंही झाड खाल्लं. शुक्रवारी त्याला माझ्याकडे आणलं, तेव्हा पोट टणक झालं होतं आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"दुसरं खाल्लं तेव्हा फोन का नाही केला?" मी खेकसलो.

"तुमीच म्हणलं होतं नं जी, सेफ असते म्हणून," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणून त मी दुसरं तिथंच राहू देलं."

माझी मला लाज वाटली.

लगेच ऑपरेशन केलं. तीन भोकं निघाली. मॅग्नेट काढून ती शिवली, पोट धुतलं. पण आतली घाण आधीच पसरली होती. शनिवारी दुपारी, सलाईन चालू असतानाच बंड्या गेला. त्याचं डोकं कुंदाताईंच्या मांडीवर होतं.

"झाडच जहरी निघालं असन," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही कायले वाईट वाटून घेता?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो.

"नाही ताई. झाड चांगलंच होतं. मॅग्नेटनं गेला तो. मी विचारायला पाहिजे होतं."

त्या बराच वेळ बंड्याच्या कानावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीले नका सांगू जी. तिनं लय हौसेनं पाठवले होते."

आता कुणी विचारलं, अमुक झाड कुत्र्याला चालतं का, तर मी आधी विचारतो, ते कशानं अडकवलंय? तार, गोंद, मॅग्नेट? लोक वैतागतात. वैतागू देत. झाडाचं नाव मी सगळ्यात शेवटी विचारतो.