कागदावर अजून मडिवाळप्पा

तुमच्या घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे? दारावरच्या पाटीचं विचारत नाही, पाटी कुणीही रंगवून देतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जे तुमच्या कपाटात साड्यांच्या खाली कुठंतरी पडलंय, त्यावर?

नागम्मा बिराजदारला हा प्रश्न सदुसष्टाव्या वर्षी विचारला गेला. जिनं दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी करताना मोठमोठ्या डॉक्टरांना "सुई बदला की आधी" म्हणून खडसावलं, तिचं स्वतःचं नाव त्या कागदावर नव्हतं.

जुळे सोलापुरात 'निवांत' नावाची ज्येष्ठांची सोसायटी आहे. तीन इमारती, चाळीस फ्लॅट. साठीच्या आतल्या माणसाला इथं घर मिळत नाही. नागम्मा आणि तिचा नवरा मडिवाळप्पा रिटायर होऊन इथं आले. चार वर्षांपूर्वी मडिवाळप्पा गेला. तेव्हापासून नागम्मा रोज संध्याकाळी सहाला बीपीचं मशीन घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसते. तपासणी फुकट, बोलणीही फुकट. "एकशेसाठ! काल लग्नाला गेलता न्हवं? किती भजी हाणली?"

त्या बाकाच्या पाठीला लागून एक गाळा आहे. तो गुरुशांतनं विकत घेतला. टेंभुर्णीला हायवेवर त्याचं परमिट रूम चालतं, इथं त्याला बिअर शॉपी काढायची होती. त्यासाठी सोसायटीची 'ना हरकत' लागते. कार्यकारिणीत जागा सात. तिघं हो म्हणाले, तिघं नाही म्हणाले, सातवी जागा रिकामी. मग त्या जागेसाठी निवडणूक लागली. गुरुशांतच्या बाजूनं सोसायटीतलाच कुंडलिक उभा राहिला. नागम्मा म्हणाली, मी आहे की.

तिला दारूचं वावडं होतं असं समजू नका. "पिणाऱ्यानं प्यावं," ती सांगायची, "माझा बाप प्यायचा, मी ओतून द्यायची. पण आमच्या म्हाताऱ्यांनी फिरून येताना गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली चुकवत फाटकातनं आत यायचं का? आणि मी बाक कुटं न्यायचा? गच्चीवर?"

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, ती ऑफिसात गेली. चेअरमन चिंतामणराव बँकेतले निवृत्त साहेब. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला राग यायला दोन मिनिटं लागावीत.

"वहिनी, हा अर्ज मला घेता येणार नाही."

"का? साठ पुरी झाल्यात की. दिसत न्हाय?"

"तुम्ही सभासद नाही. फ्लॅट मडिवाळप्पांच्या नावावर आहे."

"ते गेले! तुमीच खांदा दिला होता!"

"हो. पण कागदावर आहेत."

"नॉमिनी हाय मी."

"नॉमिनी म्हणजे सभासद नव्हे, वहिनी. नाव बदलायचा अर्ज मी स्वतः तुमच्या हातात दिला होता. आठवतंय?"

"टँकरसाठी महापालिकेच्या दारात चार तास ठिय्या मारला, तवा मी कोण होते? पाणी पिताना इचारलं न्हाय कुणी, सभासद हाय का म्हणून!"

चिंतामणरावांनी चष्मा पुसला. नियमाच्या मागं बसलेल्या माणसाला घाई नसते.

आणि खरी चीड हीच की तिला ते आठवत होतं. तो अर्ज तिच्या ट्रंकेत होता. चार वर्षांपूर्वी तिनं तो उघडला, त्यावर छापलेलं वाचलं, 'मयत सभासदाचे नाव कमी करून', आणि घडी घालून ठेवून दिला. नाव कमी करून? माणूस कमी झाला ते पुरेसं नाही? वर दर महिन्याला मेंटेनन्सची पावती यायची, 'श्री. मडिवाळप्पा बिराजदार'. ती वाचून तिला बरं वाटायचं.

"अर्ज कितीपर्यंत घेता?" तिनं विचारलं.

"पाचपर्यंत. पण वहिनी—"

वहिनी जिन्यात पोचली होती. स्वतः नाही तर दुसरी कुणीतरी उभी करू.

पहिलं दार इंद्रायणीबाईंचं. "अगं, ह्यांच्याच नावावर आहे अजून. बदलायचं म्हणजे कसंसंच वाटतं."

दुसरं दानेश्वरीचं. "कागद पुण्याला लेकाकडं हायत. तो बगतो सगळं."

तिसऱ्या दारातली म्हणाली, "माझं नाव आपोआप झालं असेल की गं. होत नाही का?"

असे तिचा धरून नऊ फ्लॅट, नऊ विधवा. मेंटेनन्स त्या भरतात, गणपतीचा प्रसाद त्या करतात, आणि सभासद कोण, तर भिंतीवरचे नऊ फोटो. नागम्मानं जिन्यातच कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्यांना काय बोलणार? तिची ट्रंक वेगळी थोडीच होती.

शेवटी राहिल्या शकुंतला टीचर. लग्न केलं नाही, फ्लॅट स्वतः घेतला, नाव स्वतःचं. पण दोन वर्षांपूर्वी नागम्मानं त्यांचं बीपी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, तेव्हापासून अबोला.

"हळदीकुंकवाला माझी आठवण होत नाही कुणाला," टीचर दारातूनच म्हणाल्या. "आज बरी झाली?"

"मला तरी कुटं बोलवत्यात?"

टीचरांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "पेन आण. आणि माझं बीपी परत कुणाला सांगितलंस तर बघ."

पाचला दहा कमी असताना अर्ज चिंतामणरावांच्या टेबलावर पडला.

निकाल ऐका. कुंडलिक सतरा, शकुंतला टीचर चौदा. हरल्या तीन मतांनी. नऊ बायका दारात उभ्या राहून मतदान बघत होत्या. कुंडलिकनं चौथा हात वर केला आणि ना हरकत मंजूर.

नागम्मा गप्प बसणारी नव्हे. ती हरकतीचा अर्ज घेऊन दारूबंदीच्या ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "सोसायटीच्या सभासद आहात का?"

घरी आली, चप्पलसुद्धा काढली नाही, ट्रंक उघडली. अर्जात नवीन सभासदाचं पूर्ण नाव लिहायची रेघ होती. तिनं लिहिलं: नागम्मा मडिवाळप्पा बिराजदार. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि स्वतःवरच भडकली. "कुटं गेलं नाव? मधी बसलंय की! एवढं चार वर्सं कळू नये, नागव्वा?"

आज गाळ्याच्या शटरला रंग चढतोय. परवाना अजून आलेला नाही, नाव लागल्यावर नागम्मानं पुन्हा दिलेल्या हरकतीवर सुनावणी व्हायची आहे. बाक तिथंच आहे. संध्याकाळी सहाला आधी बीपी, मग अर्ज. नवातल्या सात बायकांचे भरून झाले. दानेश्वरीचा लेक कागद पाठवतो पाठवतो म्हणतोय, आणि इंद्रायणीबाईंना अजून कसंसंच वाटतंय.

तुमच्या दाराखाली अजून कुणी गाळा घेतलेला नसेल. घेतल्यावर धावाल तर जिन्यातच पाच वाजतील. म्हणून बाई, हे वाचणं आता पुरे. उठा, कपाट उघडा, साड्या बाजूला करा आणि तो कागद काढून बघा. त्यावर तुमचं नाव नसेल तर उद्या सकाळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन अर्ज मागा, आणि तो ट्रंकेत ठेवू नका.