काळा चौकोन आणि रिकामी खोली

ती घटना डोक्यातून जात नाही आणि अजून नीट उमगतही नाही. मी पोलीस नव्हते. काळाचौकीकडच्या एका ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी बघायचे. निवृत्त झाल्यावर हे वहीत लिहून ठेवते आहे.

आमच्या हद्दीतली एक चाळ पाडून नवी इमारत होणार होती. भाडेकरूंच्या यादीत एका आजींची खोली 'रिकामी' दाखवली होती. ती यादी तशीच पुढे गेली असती तर त्यांना घर मिळालं नसतं. आजारी बहिणीला बघायला त्या दोन वर्षं गावी होत्या, आणि भाड्याच्या पावत्यांना वाळवी लागलेली. ठाण्यात त्या एवढंच म्हणाल्या, "कुलूप लायलंय म्हणान खोली रिकामी कशी झाली? माझी भांडी आसत थंय."

मग एक निनावी फोन आला. चाळ कमिटीचा जुना कॉम्प्युटर भंगारात चाललाय, खरी यादी त्यात आहे. ठाण्याच्या इन्स्पेक्टर साहेबांनी पंचांसमोर तो जप्त केला. आतली हार्ड डिस्क सील होऊन मुद्देमालात गेली.

कमिटीच्या सेक्रेटरीला चौकशीला बोलावलं. साहेबांनी एकच प्रश्न चार बाजूंनी विचारला. तो शांतपणे सांगत राहिला की खोली रिकामीच होती. मी चहा ठेवला तर म्हणाला, "थँक्यू मावशी." ठाण्यात असं कोणी म्हणत नाही. इतका सभ्य माणूस खोटं बोलेल असं मला वाटेना. मग आजी खोटं बोलत होत्या का? तेही पटेना.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर जाणणाऱ्या हवालदारांनी पंचांसमोर सील उघडून डिस्क ठाण्याच्या कॉम्प्युटरला जोडली. मी टेबल पुसत होते. पडद्यावर डिस्कचे भाग दाखवणारे दोन चौकोन आले, एक छोटा निळा आणि एक लांबलचक काळा.

"काळा भाग रिकामा आहे साहेब," हवालदार म्हणाले. "नवीन भाग बनवून घेतो, मग उघडेल."

मी साहेबांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "साहेब, आजींची खोलीपण रिकामीच म्हणतात ना?"

"मावशी, तुम्ही फडकं मारा," हवालदार हसले.

साहेब हसले नाहीत. "हात काढ त्याच्यावरून," ते हवालदारांना म्हणाले.

डिस्क पुन्हा सील होऊन प्रयोगशाळेत गेली. तिथे मूळ डिस्कवर काहीही न लिहिता आधी तिची नक्कल काढली आणि शोध त्या नकलेत घेतला. साहेबांनी मला नंतर समजावलं. कोणीतरी त्या भागाची फक्त नोंद पुसली होती, आतलं सगळं जागेवर होतं. हवालदारांनी नवीन भाग बनवला असता तर आतल्यावर लिहिलं गेलं असतं. मला अर्धंच कळलं.

जुनी यादी सापडली. तिच्यात आजींचं नाव होतं, खोली नंबरासकट. नोंद पुसली होती ती कॉम्प्युटर भंगारात निघायच्या आदल्या दिवशी.

सेक्रेटरीने कबूल केलं आणि पाणी मागितलं. मी ग्लास दिला. तो पुन्हा म्हणाला, "थँक्यू मावशी." आवाज अगदी पहिल्यासारखाच. माणूस कसा ओळखायचा, ते मला त्या प्रकरणाने शिकवलं नाही, उलट जास्त गोंधळात टाकलं. फोन कोणी केला तेही कधी कळलं नाही.

एवढं मात्र झालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, केबिन रिकामी आहे असं कोणी सांगितलं तरी मी दार वाजवूनच झाडू घेऊन आत गेले.