मोजणीकाकू

आमच्या मोजणीकाकू दार उघडल्यावर "या" म्हणायच्या आधी मुलं मोजायच्या. संध्याकाळी मी अथर्वला न्यायला गेले आणि कडेवर सहा महिन्यांची ईरा असली, की त्या दारातच हात आडवा धरायच्या. "तिथंच थांब. आत तीन आहेत, ही आली की चार होतील." एकदा त्यांची जुनी मैत्रीण नातवाला घेऊन हळदीकुंकवाला आली, तर बिचारीनं बाहेर गॅलरीत उभं राहून कुंकू लावून घेतलं. वाण मात्र मिळालं. वाणाला मर्यादा नव्हती.

तोक्योच्या कोतो वॉर्डात, एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर, काकू आपल्या घरीच मुलं सांभाळायच्या. वॉर्ड ऑफिसचं प्रशिक्षण, परवाना, सगळं रीतसर. नियम असा, की एका बाईनं तीन वर्षांखालची तीन मुलं घ्यायची. प्रशिक्षण घेतलेला मदतनीस असेल तर पाच. काकू मूळच्या कराडच्या, पण जपानात पंचवीस वर्षं मुरलेल्या. आम्ही मराठी आया त्यांच्याकडे गेलो त्या "आपल्यातल्या आहेत, सांभाळून घेतील" या भरवशावर. डोंबलाचं सांभाळून घेतायत! वॉर्ड ऑफिसातला साहेब नाही म्हणताना निदान कमरेत वाकायचा.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. नवरा सोमवार ते शुक्रवार नागोयाला. ईराला काकूंकडे जागा मिळाली नाही, तर तिला वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचं. म्हणजे दोन मुलं दोन दिशांना, मध्ये मी आणि माझी सायकल. असं जमणार नव्हतंच. नोकरी सोडावी लागली असती. शेवटी मी बेसनाचे लाडू केले आणि काकूंकडे गेले.

"काकू, एवढंसं तर बाळ आहे. त्याला काय मोजायचं?"

"अंगावर पिणारं पोर म्हणजे सव्वा पोर." त्यांनी लाडू चाखला. "छान झालेत. जागा नाही."

"थोडं ॲडजस्ट करा ना."

"ॲडजस्ट एसटीत करतात. मला हात दोन आणि पाठ एक."

हे हात आणि पाठ काय प्रकरण आहे, ते मला काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, खाली सोडायला आले तेव्हा सांगितलं. मोठा भूकंप झाला त्या दिवशी लिफ्ट बंद पडली होती. काका ऑफिसात. काकूंनी एका मुलाला पाठीला बांधलं, दोघांना हाताला धरलं आणि नऊ मजले उतरून खाली आल्या. काका घरी पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चौथं असतं, तर कुणाला वर ठेवून आले असते?" 

माझ्या लाडवांनंतर आठवड्याभरात एक अघटित घडलं. नुकतेच निवृत्त झालेले, जन्मात स्वतःची कपबशीही न विसळलेले आमचे काका मुलं सांभाळण्याच्या प्रशिक्षणाला जायला लागले! तिथं सगळ्या तरुण मुली, आणि त्यांच्यात हे रबरी बाहुलीला आंघोळ घालतायत.

"कंपनीत माझ्या हाताखाली दोनशे माणसं होती," काका कुरकुरले.

"ती चड्डीत करत नव्हती," काकू म्हणाल्या.

हे माझ्यासाठी केलं असं काकूंनी कधी कबूल केलं नाही. "घरात बसून यांचं डोकं फिरायला लागलं होतं," एवढंच. पण तिनाची पाच झाली, त्यात ईराही बसली आणि मी ऑफिसला जायला लागले. ईरा काकांच्याच मांडीवर झोपायची. पाठीला बांधून जिना उतरायची तालीम काकू त्यांच्याकडून दर महिन्याला करून घ्यायच्या, आणि तिसऱ्या मजल्यावर काका हमखास "ही सेवानिवृत्ती आहे का सक्तमजुरी?" असं विचारायचे.

त्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. आम्ही सगळ्या आया भेटायला गेलो. रडू खरंच येत होतं. काका गोड माणूस होते. पण पाचाची पुन्हा तीन होणार हेही प्रत्येकीच्या डोक्यात होतं, आणि परतताना लिफ्टमध्ये कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. मी त्यातल्या त्यात निर्धास्त होते. तेव्हा मराठी मुलं माझीच दोन; उरलेल्या तिघांपैकी दोघं जपानी, एक तमिळ. आपली माणसं आपल्याला थोडीच काढतात?

दोन आठवड्यांनी काकूंनी मला बोलावलं. "मी ठरवलंय. तुझी दोघं."

"थँक यू काकू, मला वाटलंच..."

"अगं, जाणारी." पलीकडच्या इमारतीत एक जपानी बाई मुलं सांभाळते, तिच्याकडे नुकत्याच दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि वॉर्ड ऑफिसात खेटे घालून काकूंनी त्या आमच्यासाठी पक्क्याही केल्या होत्या.

माझा पारा चढला. "मी दुसरा मदतनीस शोधून देते ना!"

"माणसं मिळतील गं. यांच्या जागी मला कुणी नकोय."

"पण मग आमचीच का?"

"बाकीची तिन्ही एकेकटी आहेत. एकटं पोर नव्या घरात दिवसभर दाराकडे बघत बसतं. तुझी दोघं एकमेकांकडे बघतील." मग त्या खिडकीकडे वळल्या. "एकट्याला फार जड जातं गं."

मी भांडायला बसले होते. उठून त्यांना जवळ घेतलं, आणि दोघीही पोटभर रडलो.

सोमवारी नव्या घराच्या दारात अथर्व घुटमळला. मग त्यानं माझ्या कडेवरच्या ईराचा पाय घट्ट धरला आणि आत गेला. दोघंही रडली नाहीत. ऑफिसला जाताना मी स्टेशनवरून काकूंना फोन करून तसं सांगितलं.

"मग? म्हटलं नव्हतं तुला?" त्या म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही. मी दोन गाड्या सोडल्या.