बुधवारी रेडिओ बिघडला होता

बहात्तर सालाचा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं गहिवरतात. युद्ध जिंकलं होतं, शेजारी नवा देश झाला होता, अमेरिकेची माणसं चंद्रावर ये-जा करत होती, आणि इथे दुष्काळापायी आम्ही रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकऱ्या नाकं मुरडत खात होतो. पोरांच्या पँटी खाली रुंद झाल्या होत्या आणि पोरींचे केस वर उंच. मला गहिवर वगैरे येत नाही. मला आमचा रेडिओ आठवतो आणि स्वतःची चीड येते.

सदाशिव पेठेत आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली एक काकू आणि त्यांची सून; तिला मी वहिनी म्हणे. काकूंचा एकुलता एक मुलगा युद्धात बेपत्ता झाला होता. लग्नाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. लढाई संपल्यावर तिकडच्या रेडिओवर संध्याकाळी आठ वाजता आपल्या पकडलेल्या जवानांची नावं वाचत. खरखर इतकी, की दहातली चार कळायची. बिऱ्हाडकरूंमध्ये तेवढं दूरचं केंद्र पकडणारा रेडिओ एकट्या माझ्या वडिलांकडे होता. त्यामुळे दोघी रोज पावणेआठला वर यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, आणि यादी संपली की "येतो हं" म्हणून जायच्या.

आणि बुधवारी आठलाच दुसऱ्या केंद्रावर आठवड्याची गाणी क्रमाने लागायची. कोणतं गाणं चढलं, कोणतं घसरलं, हे मी वहीत उतरवून ठेवत असे. कॉलेजात गुरुवारी सगळ्या मुली माझ्याभोवती जमायच्या. दिसायला मी बेताची, अभ्यासात त्याहून बेताची. तेवढा एक गुरुवार माझा होता. काकूंच्या यादीपायी ओळीने पाच गुरुवार बुडाले, आणि सहाव्या गुरुवारी मुली दुसऱ्याच एकीभोवती जमल्या. त्या बेपत्ता माणसाचा मला राग यायला लागला. सोळा वर्षांची होते मी. वयाचं निमित्त सांगतात लोक, मी सांगत नाही.

मग एका बुधवारी आईवडील स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला गेले, मुक्कामाला. पावणेआठला काकू जिना चढून आल्या, मागे वहिनी. मी दारातच उभी राहिले.

"रेडिओ बिघडलाय," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि दोघी खाली गेल्या.

मी दाराला कडी घातली आणि आवाज अगदी बारीक ठेवून गाणी ऐकली. शेवटी पहिल्या नंबरचं गाणं लागलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. बटण पिळलंच.

सकाळी नळावर काकू भेटल्या. भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि शांतपणे विचारलं, "मग, पहिलं कोणतं आलं काल?"

माझ्या वडिलांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. परत वर यायच्या, तशाच भिंतीला टेकून बसायच्या. नाव काही आलं नाही, आणि पुढे याद्याही बंद झाल्या. वर्ष सरता सरता पकडलेले जवान परतले, त्यांत तो नव्हता. सरकारी पत्र आलं, मुलगा मृत समजावा म्हणून.

पत्रापाठोपाठ वहिनीचा भाऊ आला. बहिणीला न्यायचं, शिकवायचं, जमलं तर पुन्हा लग्नाचं बघायचं, असं त्याच्या मनात होतं. भला माणूस होता. काकूंनी त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "एका बुधवारची यादी कुणीच ऐकलेली नाही. त्यात नाव नव्हतं असं कुणीतरी सांगा, आणि मग न्या हिला. माझा मुलगा परत आला, तर मी त्याला काय दाखवू?"

त्याच दुपारी वहिनी माझ्याकडे आली. पुढे वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण माझ्याकडे म्हणून ती तेवढी एकदाच आली.

"तू त्या दिवशी गाणी ऐकलीस, ते आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल मी काही म्हणत नाही. फक्त सासूबाईंना एवढं सांग, की गाणी लावायच्या आधी तू यादी ऐकलीस आणि त्यात नाव नव्हतं. त्या तुझं ऐकतील. मला जाऊ दे इथून."

वडील शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. हे सांगायचं, तर बुधवारचं सगळंच त्यांच्यापुढे आलं असतं. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "मी खोटं बोलायची नाही, वहिनी."

अगदी याच शब्दांत. ती हसली असती तरी बरं झालं असतं. भाऊ दोन दिवस थांबला आणि एकटाच परत गेला. निघून का नाही गेली, असं आजच्या मुली विचारतील. त्यांनी जरूर विचारावं. तेव्हा नवरा जिवंत आहे की नाही हे ठरल्याशिवाय बाई कुठे जात नव्हती, आणि ते ठरवणं माझ्या हातात होतं.

काकू नव्वदीला टेकून गेल्या. मी भेटायला गेले. वहिनीचे केस पांढरे झाले होते आणि कपाळावर कुंकू तसंच, मोठं, लाल. समोर बसल्यावर माझा धीर सुटला. चाळीस वर्षांपूर्वी जे बोलायला नकार दिला होता, ते एकदाचं बोलून टाकलं.

"वहिनी, त्या बुधवारी मी आधी यादी ऐकली होती. त्यात नाव नव्हतं."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"अगं, आता कशाला खोटं बोलतेस," ती म्हणाली. "आता मला कुठे जायचंय?"

मग उठून तिने माझ्यासाठी चहा टाकला.