दरवर्षी आपोआप उगवणारी रोपं

परवा शनिवारी मुलगा आणि सून मला गार्डन सेंटरला घेऊन गेले. अठरा वर्षं लंडनच्या हाउन्सलोत राहतेय, मागच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर पेरते, ती पण डब्यातल्याच बियांची. एवढ्या वर्षांत कुणी साधं खुरपं आणून दिलं नाही... आणि परवा अचानक माझ्या बागेची काळजी!

सून मेघना गाडीत समजावत होती. "आई, दरवर्षी पेरायचं, वाकायचं, तुमचे गुडघे दुखतात. त्यापेक्षा पेरेनियल हर्ब्स घेऊ. एकदा लावले की दरवर्षी आपले आपण येतात, कुणी बघायला लागत नाही." माझ्या गुडघ्यांची चौकशी मी पहिल्यांदाच ऐकली.

मी चौथी पास. इंग्रजी लेबलं मला वाचता येत नाहीत, म्हणून मी आपली पान चुरडून वास घेते. रोझमेरीला बाम चोळल्यासारखा वास. सेजचं पान मांजराच्या कानासारखं, असलं कोण खातं देव जाणे. चाइव्ह्ज म्हणजे कांद्याच्या पातीचं उपाशी पोर... पण पिठल्यावर चालेल म्हणून घेतलं.

मग थाइमचं पान चुरडलं. अगदी ओव्याच्या जवळचा वास! भज्यांत घालता येईल, आणि बर्फ पडला तरी मरत नाही म्हणे. दोन रोपं उचलली. खोटं कशाला बोलू, जरा खूश झाले होते... मनात जागासुद्धा ठरवून टाकली, मागच्या दाराजवळ, वाफ्याच्या कडेला, जिथे दिवसभर ऊन असतं.

"सगळं कुंडीतच लावू हं आई," मेघना म्हणाली.

"घरामागे एवढी जमीन पडलीय, कुंड्या कशाला?"

"सोपं पडतं." एवढं बोलून तिनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात तिथे कामाला असलेली एक बाई आली. पन्नाशीची गोरी बाई, नखांत माती. तिनं ट्रॉलीतली रोपं बघितली आणि विचारलं, ही ठेवणार कुठे? ऊन किती येतं तिथे?

मेघना म्हणाली, "नॉर्थ फेसिंग बाल्कनी. सेकंड फ्लोअर."

आमच्या घराला बाल्कनी नाही.

मला इंग्रजी बेताचंच कळतं, पण बाल्कनी कळते. बाईनं लगेच थाइम ट्रॉलीतून काढून ठेवलं. उत्तरेला ऊन नाही, हे तिथे जगायचं नाही म्हणाली. चाइव्ह्ज राहू द्या, आणि हवा तर पुदिना न्या, तो सावलीतही तग धरतो. मेघना मान डोलवत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मुलगा, प्रशांत, पलीकडे बार्बेक्यू बघत उभा होता. सरळ त्याच्याकडे गेले.

"कुणाची बाल्कनी रे?"

"आई... घरी गेल्यावर बोलू."

"इथेच बोल. त्या बाईला सांगून झालंय, आता मलाही सांग."

मग बाहेर आलं. म्हाताऱ्या माणसांसाठीचे फ्लॅट आहेत, बसनं पंचवीस मिनिटांवर. बाथरूममध्ये दोरी असते, ओढली की माणूस येतो. "छान आहे गं, तुझ्या वयाच्या बायका आहेत. आणि अजून काही फायनल नाही."

"फायनल नाही, आणि कुंड्या घ्यायला आलास?"

तो बार्बेक्यूचं झाकण उघड-बंद करत राहिला.

नात जन्मली तेव्हा ह्या दोघांनीच मला बोलावून घेतलं. ह्याची एअरपोर्टवर शिफ्ट, हिची हॉस्पिटलात. शाळेत मी सोडली, मी आणली, तिचे ताप मी काढले. गेल्या ऑक्टोबरात नात केंब्रिजला शिकायला गेली... आणि घरात मी जास्त झाले. रीतच असेल इथली. पण मग तोंडानं सांगायचं तरी.

रडले-बिडले नाही. चाइव्ह्ज परत जागेवर ठेवले आणि पुदिन्याचं एक रोप उचललं.

मेघना घाईघाईनं म्हणाली, "आई, हा मात्र कुंडीतच हं! जमिनीत लावला तर सगळं लॉन खातो. नंतर कितीही उपटा, जात नाही."

म्हटलं, "हो का?"

आज सकाळी दोघं कामावर गेली. लॉनच्या बरोब्बर मधोमध खड्डा केला आणि पुदिना लावला. वर तांब्याभर पाणी घातलं. मग चहा केला आणि खिडकीत बसून प्यायले... बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

बुधवारी तो फ्लॅट दाखवायला नेणार म्हणतात. जाईन. कुणी सांगावं, आवडेलही. बरोबरीच्या बायका असतील, निदान त्या तोंडावर तरी बोलतील. पण हो की नाही ते मी म्हणणार. हे फेसबुकवर टाकतेय, म्हणजे प्रशांत वाचेल. वाच बाबा, घरी बोलायला तुला वेळ नसतो.

त्या गार्डन सेंटरवाल्या बाईचे मात्र आभार... ना ओळख ना पाळख. वीतभर रोपटं होतं ते, पण राहणार कुठे, ऊन मिळेल का, एवढं विचारल्याशिवाय तिनं ते हातातून सोडलं नाही.