डायरीतल्या जोड्या

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. आज दुपारी लिहायला बसलो, दोनदा उठलो, गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतंच. पुन्हा बसलो आहे.

निवृत्तीनंतर मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवत असे. आसपासच्या इमारतींतल्या सात-आठ जणी यायच्या. तीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे केलेला माणूस मी. नियमांवर माझा फार जीव. 'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, 'अंडर' म्हणजे खाली, असं फळ्यावर लिहून घोकून घ्यायचो.

त्यांच्यातली एक नर्सिंग होममध्ये आया होती. मूळची जालन्याकडची, पस्तिशीची. तिने एकदा विचारलं, डॉक्टर राउंडला पेशंट 'अंडर ऑब्झर्वेशन' आहे म्हणतात, तो कशाच्या खाली? मी फळ्यावरच्या 'अंडर'वर पुन्हा बोट ठेवलं. मागून एक जण म्हणाली, "खाटेखाली ठेवत असतील गं." सगळ्या हसल्या, मी चिडलो. ती मात्र शांतपणे म्हणाली, "सर, मी तर नवरा-बायकोसारखं धरते. ह्या शब्दाचं त्या शब्दाशी लग्न लागलंय. कसं जमलं ते आपण विचारायचं नाही, दोघांना जोडीनंच बोलवायचं."

मग तिने पिशवीतून डायरी काढली. औषध कंपन्या डॉक्टरांना वाटतात तसली, जुन्या सालाची. त्यात तिने अशा जोड्या लिहिल्या होत्या, जिथे ऐकल्या त्या जागेप्रमाणे. लिफ्टचं पान, वॉर्डचं पान, बसस्टॉपचं पान. 'ऑन ड्यूटी', 'ऑन लीव्ह', 'इन पेन', 'बाय मिस्टेक'. प्रत्येक जोडीखाली स्वतःच्या घरातलं किंवा कामावरचं एक वाक्य. मी पानं उलटत राहिलो. 'घरी' आणि 'घरात' यांतला फरक मलाही कुणी फळ्यावर शिकवला नव्हता. घरी बोलता बोलताच तो अंगात आला. हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं.

स्पेलिंग तपासून देतो म्हणून मी डायरी घरी नेली. तीन आठवडे ठेवली. रोज तिची पानं उतरवून घेत होतो, तिच्या चुकांवर लाल पेन चालवत होतो, आणि जितकं लाल वाढत गेलं तितकं ते मला माझं वाटू लागलं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्याची पुस्तिका छापली. प्रस्तावनेत मी लिहिलं, 'अध्यापनाच्या अनुभवातून मला सुचलेली पद्धत.' शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. वर्गातल्या प्रत्येकीला मी सही करून एकेक प्रत दिली. तिने उभ्या उभ्याच चाळली. एका पानावर थांबली.

"'आउट ऑफ डेंजर' पण घेतलंत, सर," एवढंच म्हणाली.

त्या जोडीखालचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं: माझी मुलगी आता आउट ऑफ डेंजर आहे. मला दोन मुलगे आहेत. मुलगी नाही. मंडळातल्या कुणालाही हे विचारावंसं वाटलं नाही, आणि मला ते छापून येईपर्यंत दिसलं नाही.

पण मला झोपू देत नाही ते हे नव्हे. पाच-सहा महिन्यांनी भांडुपच्या एका क्लासवाल्याचा फोन आला. त्याला बायकांच्या बॅचसाठी शिकवणारी हवी होती. ही त्याच्याकडे डायरी घेऊन गेली होती. पद्धत स्वतःची असल्याचं सांगत होती, आणि त्याच्या टेबलावर माझी पुस्तिका होती. मी म्हणालो, माझी विद्यार्थिनी आहे ती, मेहनती आहे. त्याने सरळच विचारलं, "म्हणजे तुमच्या पुस्तिकेवरून उतरवलंय ना?"

मी म्हणालो, "असेल."

एवढाच शब्द. फोन ठेवून मी चहा केला, तो तसाच ओतून दिला. ते काम तिला मिळालं नाही. ती वर्गाला यायची थांबली. वर्षभरात मी वर्गच बंद केला आणि गुडघ्यांचं कारण सांगितलं.

गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून मुलाने मला नर्सिंग होममध्ये नेलं. एक्स-रेसाठी व्हीलचेअर ढकलायला तीच आली. अजून आयाच्याच गणवेशात. केस कानांजवळ पांढरे झालेले. मुलगा खाली फाइल करायला गेला होता. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. "सर, पाय आत घ्या," ती म्हणाली आणि वाकून माझा पाय तिने स्वतःच खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवला.

मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"बारावीला आहे. बरी आहे."

दोन मजले उरले होते. शब्द तोंडाशी तयार होते, आठ वर्षं तयारच होते. मी लिफ्टच्या दिव्याकडे बघत राहिलो. दार उघडलं. तिने मला रांगेत नीट लावलं, ब्रेक ओढला, आणि दुसऱ्या पेशंटसाठी निघून गेली.

म्हणायचं होतं ते इतकंच: ताई, ती डायरी तुमची, पद्धत तुमची. मी ती चोरली. त्या फोनवर मी खोटं बोललो आणि तुमचं काम गेलं. हे माझ्या हातून चुकून झालं नाही, मी समजून उमजून केलं. मला माफ करा.